पाच सुताची प्लेट

४ ऑगस्ट १९८६

नवी वही. जुनी काल भरली. नलिनीने रद्दी प्रिंटचं कव्हर घालून दिलं. लग्न झाल्यापासून हे तिचं खातं — ऑफिसात फेकलेल्या ड्रॉइंगच्या प्रिंटा मी घरी आणायच्या, तिने माझ्या वह्यांना घालायच्या. कागद जाड असतो, टिकतो.

आज चंद्रप्रकाशभाईंनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले! पंचवीस वर्षांत मालकासमोर खुर्चीवर बसायची ही माझी तिसरी वेळ. डिसेंबरात कंपनीचा रौप्यमहोत्सव. स्मरणिका निघणार. 'भीमबाहू क्रेन्सचा इतिहास' — इंग्रजी कुणी जाहिरातवाला लिहिणार, मराठी मी. ड्रॉइंग ऑफिसात सगळ्यात जुना मीच, शिवाय रोज काहीतरी खरडतो हे कुणीतरी यांच्या कानावर घातलेलं. हो म्हणालो. नाही म्हणायची सोय कुठे असते.

५ ऑगस्ट

इतिहासाचे मुद्दे टाइप होऊन आले. पान एक : मोठे शेठ, स्वर्गवासी. पान दोन : मोठे शेठ मंत्र्यांबरोबर. पान तीन ते सहा : जयवंत राणे, वर्क्स मॅनेजर, 'आपल्या पहिल्या क्रेनचे शिल्पकार'.

शिल्पकार! डोकंच फिरलं. माणूस मारला त्याने, आणि हा शिल्पकार. धाकूचं नाव कुठेच नाही. एका ओळीतसुद्धा नाही.

डबा तसाच परत आणला. नलिनीने विचारलं, तिच्यावरही खेकसलो.

९ ऑगस्ट

इथे तरी सगळं नीट लिहून ठेवतो, कारण स्मरणिकेत हे लोक लिहू देणार नाहीत.

१९६१. भांडुपला पत्र्याची एक शेड, माणसं पाच. दुसऱ्यांच्या चेनपुल्या दुरुस्त करायच्या, बस्स. मग मोठ्या शेठना दहा टनी क्रेनची ऑर्डर मिळाली. आमची पहिली. ड्रॉइंग माझं, शॉपचा सुपरवायझर जयवंत, वेल्डर धाकू. देवगडकडचा, आधी गोदीत होता. दारू सोडा, सुपारीचंही व्यसन नव्हतं त्याला.

वायररोपचं टोक जिथे अडकवतात तो ब्रॅकेट मी तीन सुताच्या, म्हणजे तीन अष्टमांश इंच जाडीच्या प्लेटचा काढला होता. शेठ म्हणाले, पेंढारकर, टेस्टला साडेबारा टन उचलायचेत, तीन सूत कमी पडेल, पाच सूत करा. केलं. मूळ ड्रॉइंगच्या ट्रेसिंगवरचा तिनाचा आकडा ब्लेडने खरवडला, पाच लिहिला, नवी प्रिंट काढली. नवी प्रिंट देताना तिच्यावरच्या शिक्क्यात घेणाऱ्याची सही घ्यायची आणि जुनी परत आणून फाडायची, ही आमची रीत. त्या दिवशी मी घाईत होतो, जुनी परत घ्यायची राहिली. तेवढी चूक माझी, कबूल. पण नवी मी जयवंताच्या हातात दिली होती. गेटजवळ. अजून डोळ्यांसमोर आहे.

त्याने काय केलं? तीन सुताची प्लेट कापून झाली होती म्हणून तीच लावली. कोण परत कापतंय! धाकूने त्यावर वेल्डिंग केलं. त्याला काय माहीत.

२१ मार्च १९६२, लोड टेस्ट. ज्याने वेल्डिंग केलं तो लोडखाली उभा राहणार, ही रीत धाकूने गोदीतून आणलेली. नारळ फोडला, लोड फूटभर जास्तच वर गेला, धाकू खाली शिरला आणि वर बघून हसला. ब्रॅकेट फाटला.

पुढचं लिहीत नाही.

इन्स्पेक्टर आला तेव्हा जयवंत काय म्हणाला, तेही माझ्यासमोर — 'वेल्डर पिऊन आला होता. नको म्हटलं तरी खाली गेला. लोडला बांधलेला दोर निसटला.' फाटका ब्रॅकेट त्याने आदल्याच संध्याकाळी गॅसने कापून भंगारात टाकलेला. ड्रॉइंग कुणी मागितलंसुद्धा नाही. मी पंचविशीचा, नुकतं लग्न झालेलं, तोंड शिवून बसलो. चोवीस वर्षं बसलोय.

१७ ऑगस्ट

टेंभीपाड्यात मथुरावहिनींकडे गेलो. धाकूची बायको. सुकट विकते अजून. स्मरणिकेचं सांगितलं, म्हटलं धाकूचं नाव घालायचा प्रयत्न करतोय. सुकटीची टोपली बाजूला सारली तिने. मग म्हणाली, 'माका काय्येक नको, भावजीनू. त्येंका दारुडो म्हटलां, तां तेवढां पुसून टाका.' मुलीच्या लग्नाच्या बोलणीत सुद्धा हे निघालं होतं म्हणाली. बाप पिऊन मेला ना, असं.

येताना सुकटीची पुडी दिली बळेच. घेतली. मला लाज वाटली, आणि जयवंताची चीड आली ती वेगळीच.

३० ऑगस्ट

मसुदा दिला. धाकूवर आठ ओळी. मुद्दाम लहानच ठेवल्या, काढायला निमित्त नको. 'पहिल्या क्रेनच्या चाचणीत धारातीर्थी पडलेले' असं लिहिलं होतं, धारातीर्थी खोडलं. धाकू हसला असता.

३ सप्टेंबर

मसुदा परत आला. धाकूच्या आठ ओळींवर लाल पेन्सिलीची फुली. बाजूला ज. रा.

मला वाटलंच होतं.

४ सप्टेंबर

शॉपमध्ये गाठला त्याला. पन्नास टनी क्रेनचं काम चाललेलं, ग्राइंडरचा आवाज, तरी सगळे वळून बघायला लागले. विचारलं, धाकूचं नाव का खोडलंस? म्हणाला, जुनं उकरून काय मिळणार. म्हटलं, मथुरावहिनींना मिळेल. त्याने हेल्मेट काढलं, परत घातलं. पूर्ण टक्कल पडलंय त्याला. 'मी तेव्हा कुणाचंच नाव घेतलं नव्हतं,' म्हणाला, 'तूही घेऊ नकोस.'

धमकी देतो मला! वर्क्स मॅनेजर झाला म्हणून शिंगं फुटली. १९६२ साली माझ्याच डब्यातली पोळी खायचा हा.

१२ सप्टेंबर

इतिहास पुढे सरकतोय. पासष्टपर्यंत दोन शेडी, एकाहत्तरला चार. ब्याऐंशीत गिरण्या बंद पडल्या तेव्हा परळ-लालबागहून माणसं गेटवर आली. वीस-वीस वर्षं मागावर काढलेली माणसं, यांनी हेल्पर म्हणून घेतली. जाहिरातवाल्याच्या इंग्रजीत त्याला 'सामाजिक बांधिलकी' म्हटलंय. वाचून उलटी व्हायची बाकी राहिली.

२० सप्टेंबर

रेकॉर्ड रूममध्ये अख्खा दिवस. बासष्टचं ट्रेसिंग मिळालं! खरवडलेली जागा उजेडासमोर धरली की स्पष्ट दिसते, पाचाचा आकडा माझ्याच हातचा. तारीख ९ मार्च. म्हणजे टेस्टच्या बारा दिवस आधी ड्रॉइंग सुधारलेलं होतं. बारा दिवस! आता बोल म्हणावं, शिल्पकार.

२१ सप्टेंबर

माळ्यावरची ट्रंक खाली काढली. सगळ्यात पहिली वही शोधली, बासष्टची. नलिनीने घातलेलं पहिलं कव्हर, नव्या नवरीने छापील बाजू आत करून कोरी बाहेर ठेवलेली, वर फूल काढलंय. मी तिला दाखवलं तर लाजली. पन्नाशीला आली बाई!

९ मार्चची नोंद आहे : 'ब्रॅकेट पाच सूत केला. शॉपसाठी प्रिंट काढली. उद्या सत्यनारायण, म्हणून चारलाच निघालो.' एवढं पुरे आहे. ट्रेसिंग आणि ही वही.

६ ऑक्टोबर

आज केला एकदाचा हिशेब चुकता.

चंद्रप्रकाशभाईंच्या टेबलावर ट्रेसिंग पसरलं, शेजारी वही ठेवली. जयवंताला बोलावून घ्या म्हटलं, जे काय ते तोंडावर सांगतो. सगळं सांगितलं. पाच सूत, तीन सूत, प्रिंट, इन्स्पेक्टर, दारू.

जयवंत उभाच होता. वही उचलली, नोंद वाचली, मिटली. कव्हरवरच्या फुलाकडे बघत राहिला. मग मला विचारलं, 'प्रिंट तू माझ्या हातात दिलीस, हे तुला पक्कं आठवतं?'

'पक्कं.'

माझ्याकडे बघितलं त्याने. मग भाईंकडे वळून म्हणाला, 'तो म्हणतो तसंच असेल.' संपलं! एक शब्द बचाव नाही. करणार काय होता?

जिन्यात मला थांबवलं. 'तेव्हा तुझ्या लग्नाला सतरा दिवस झाले होते, श्यामकांत,' म्हणाला. माझं लग्न कशाला काढतो हा? खाली उतरून आलो.

१० ऑक्टोबर

जयवंताचा राजीनामा. डायरेक्टर होणार होता जानेवारीत. भाईंना तो नकोच होता असं ऑफिसात बोलतात, त्यांना अमेरिकेहून शिकून आलेला मेहुणा आणायचाय. मला काय त्याचं! धाकूचं नाव येतंय. आठच्या आठ ओळी. दारूचा आरोप खोटा होता, हेही.

शॉपमधली माणसं माझ्याशी बोलत नाहीत. जाऊ देत. त्यांना बासष्ट काय माहीत.

२ नोव्हेंबर

कुणाला तरी स्टेशनवर जयवंत भेटला. मुलुंडची जागा काढून गावी जायचं म्हणतो. पंचवीस वर्षं शॉपमध्ये, आणि निरोपाचा चहासुद्धा झाला नाही.

बरं झालं. दोनदा लिहितो, बरं झालं.

१४ डिसेंबर

रौप्यमहोत्सव पार पडला. मांडव, सनई, जिलेबी. जाहिरातवाला सफारीत. भाई बोलले पाऊण तास. जयवंताची चार पानं गेली आणि त्या जागी मेहुण्याचा फोटो, जो पहिली क्रेन झाली तेव्हा चड्डीत होता.

पण पान सातवर धाकू. मथुरावहिनी आल्या होत्या, पहिल्या रांगेत बसवलं. वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. 'चाचणीच्या वेळी शुद्धीत होते, आपल्या कामावरच्या विश्वासाने खाली उभे होते.' हे वाक्य पुन्हा वाचायला लावलं तिने. पदर डोळ्यांना लावला. मग विचारलं, 'मगे, चुकी कोणाची होती?'

जयवंत राण्यांची, म्हटलं. ठामपणे सांगितलं. तिने मान हलवली. 'त्येनी दोन वर्षां आमच्या घरात तांदूळ पोचवलेले,' म्हणाली. 'कोणाक सांगू नको म्हणालेले.'

मन खात असणार त्याचं. पाप होतं ना पोटात. दुसरं काय.

१५ डिसेंबर

झोप नीट नाही. तांदळाचं काय ते डोक्यातून जात नाही. आणि तो सतरा दिवसांचा हिशेब — तो कशाला मोजून बसला होता?

२१ डिसेंबर

नलिनीने वह्या ट्रंकेत परत ठेवायला घेतल्या. बासष्टच्या वहीचं कव्हर घडीवर फाटलं होतं. चिकटवू का म्हणून घेऊन आली. बघ की, म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या पिशवीत हाच कागद सापडला होता, सत्यनारायणाच्या दिवशी, म्हटलं किती छान जाड आहे.

उलगडला. ब्रॅकेटची प्रिंट. पाच सूत. ९ मार्च १९६२. कोपऱ्यात शॉपचा शिक्का, त्यात 'मिळाली' आणि पुढे सहीचा चौकोन. कोरा.

गेटजवळ मी त्याला काही दिलंच नव्हतं. पिशवीत घालून घरी आलो. शॉपमध्ये जुनी तीन सुताचीच प्रिंट राहिली, त्याने तिच्यावरूनच काम केलं. जयवंताला सगळं माहीत होतं, ब्रॅकेट कापला तेव्हापासून. खोटं बोलला तो माझ्यासाठी.

त्या चौकोनात माझी सही केली, आजची तारीख घातली. नलिनीला अजून सांगितलं नाही. उद्या हा कागद घेऊन आधी टेंभीपाड्यात जायचं, मग जयवंताकडे.