पाणीपुरवठ्याच्या खिडकीवर विचारले जाणारे इतर प्रश्न

प्रति,
मा. विभागप्रमुख,
पाणीपुरवठा कार्यालय.

विषय : चौकशी खिडकीवरून जुन्या दप्तराच्या खोलीत बदली मिळण्याबाबत.
संदर्भ : खिडकीवर लावलेली पाटी.

महोदय,

१. मी चौकशी खिडकीवर लिपिक आहे. नळजोडणी, मीटर व बिल यांची माहिती देणे हे माझे काम. पाटीवर "पाणीपुरवठ्याविषयीच्या सर्व प्रश्नांची उत्तरे येथे मिळतील" असे लिहायचे होते. पाटी लहान पडली, म्हणून पेंटरने पहिला लांबलचक शब्द परस्पर गाळला. आपल्या आधीच्या साहेबांनी पाटी बदलली नाही. पाटी म्हणजे कार्यालयाने दिलेला शब्द, तो पाळा, असे त्यांनी मला तोंडी बजावले. तो मी आजवर पाळत आलो आहे.

२. सुरुवातीला लोक बिलाबरोबर गंमत म्हणून एखादे काही विचारत. आता बिलवाले मागे आणि प्रश्नवाले पुढे असतात. ऑक्टोपसला हृदये किती (तीन), साध्या हवेत पातळ राहणारा धातू कोणता (पारा), पेंग्विन आणि पांढऱ्या अस्वलाची गाठ का पडत नाही (एक दक्षिणेला, दुसरे उत्तरेला). एक शिवणकामवाल्या बाई रोज एका देशाची राजधानी विचारतात आणि उत्तर बरोबर निघाले हे सांगायला दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभ्या राहतात. मध खराब का होत नाही, हे आपणही शिपायामार्फत विचारून घेतले होते. त्याबद्दल तक्रार नाही. ते उत्तर मी डबा अर्धा टाकून दिले.

३. दिवसभर बोलून घरी पोचलो की तोंड उघडवत नाही. माझी मुलगी सात वर्षांची, म्हणजे प्रश्नांच्याच वयाची आहे. तिला मी "नंतर" एवढेच म्हणत असे. हळूहळू तिने विचारणे सोडले. धाकट्या भावालाही ती दारातच अडवते, "बाबांना काही विचारू नकोस, ते दमलेत." हे ऐकून वाईट वाटले आणि सुटल्यासारखेही वाटले, हे मी लपवत नाही.

४. गेल्या सोमवारी शाळेला सुट्टी होती. ती मावशीबरोबर कार्यालयात येऊन रांगेत उभी राहिली. खिडकीचा कट्टा उंच आणि मी कागदात डोके घातलेले, त्यामुळे मला ती दिसली नाही. मासे झोपतात का, असा प्रश्न आला. मी मान वर न करता सविस्तर सांगितले, की झोपतात, पण बहुतेकांना पापण्या नसल्याने डोळे उघडेच राहतात. आणखी काही विचारायचे आहे का, असेही अदबीने विचारले. "नाही" असे म्हणून आभार मानले गेले. आवाज मी ओळखला नाही.

घरी जाऊन ती तिच्या आईला म्हणाली, "बाबा तिथे किती छान बोलतात."

तरी मला जुन्या दप्तराच्या खोलीत बसवावे, ही विनंती. तिथे कोणी काही विचारत नाही. आदेश निघेपर्यंत मुलगी शाळा सुटल्यावर रोज रांगेत उभी राहणार आहे, असे तिने ठरवले आहे. तिची पाळी आली की खिडकी थोडा वेळ अडेल. मागच्या लोकांना आपण सांभाळून घ्यावे.

आपला नम्र व दमलेला,
(सही)
चौकशी लिपिक
दिनांक : शुक्रवार, कार्यालय सुटताना