शेंदराखालचं नक्षत्रनाव

१० ऑक्टो. ९९, कळंब
तात्यांनी आज जेवताना जाहीर केलं. तुळशीचं लग्न उरकलं की बदक भंगारात. भाऊ मान डोलावत वरण ओढत राहिला.

बदक म्हणजे आमची दोन सीटची, बिनटपाची इंग्लिश गाडी. तोंड चपटं म्हणून गावानं ठेवलेलं नाव. मंचर, घोडेगाव, थेट जुन्नरपर्यंत किती नवरदेवांची वरात तिच्यातून निघाली. तात्या फेटा बांधून चालवायचे. मग क्लच गेला. बबनभाऊ मिस्त्रीनं मुंबईहून प्लेट मागवली, ती शाफ्टवर बसेना, म्हणून दाते कानसून बसवली. शिनोलीच्या वरातीत तिनं ऐन वेळी दगा दिला. नवरदेव बाशिंगासकट चालत मांडवात गेला. त्यानंतर वरातीची एकही सुपारी नाही. गाडी गोठ्यात, म्हशीशेजारी.

मला ती चालवायची आहे. कुणाला बोलले नाही, इथंच लिहिते. सासर सोडून आले त्याला दोन वर्षं झाली. ट्रॅक्टर चालवते, टोमॅटो नारायणगावला नेते, पण ट्रॅक्टर भावाचा नि टोमॅटोही भावाचे. या घरात माझं म्हणावं असं एक तरी काही हवं.

१३ ऑक्टो.
मंचरला बबनभाऊकडे. चहा पाजला, म्हणजे वाईट बातमी.
"शकूताई, गाडी खोटी हाय तुमची. मार्क टूची प्लेट दोनदा मागवली. दोनीबी शाफ्टवर जात न्हाईत. आता काय शाफ्टच कापू?"
पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअरपार्टवाल्या शेठनं म्हणे फोनवर विचारलं होतं, चेसिस नंबराच्या आधीची अक्षरं कोणती.
"मग?"
"मग काय. म्या म्हनलं, बोनेटवर मार्क टू लिवलंय की ढळढळीत."
आरसी बुक उघडून पाहिलं. नुसता आकडा. आधीची अक्षरं कुणी उतरवलीच नाहीत. गाडीवर कुठंतरी कंपनीचा नंबराचा पत्रा असणार, पण बबनभाऊला कधी दिसला नाही.

१८ ऑक्टो., खंडेनवमी
पत्रा सापडला. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होता.

नांगर, कोयते, ट्रॅक्टर यांची पूजा झाल्यावर आई गोठ्यात गेली. बोनेट उघडायला लावलं. आत डाव्या अंगाला एक शेंदरी गोळा आहे, त्याला तेल-शेंदूर. बदकाचा देव. गाडी आली त्या वर्षीपासून दर खंडेनवमीला एक थर. लहानपणी मीही पाया पडलेय त्याच्या. आज हात जोडले नि नजर गेली, गोळ्याच्या कडेला रिव्हेटचं टोपण. देव रिव्हेट मारून बसवतात का?

हसू आलं. आईनं डोळे वटारले.

१९ ऑक्टो., दसरा
सोनं वाटून झाल्यावर आईजवळ विषय काढला.
"देवाची साल काढतीस व्हय? भैरोबाचं शेंदराचं कवच आपोआप निखळलं व्हतं. आपन हात लावत न्हाई."
तो कंपनीचा पत्रा आहे म्हटलं, तर म्हणाली, "आसंल. आता देव हाय."
चिडून वर जाऊन बसले. एरंडेल प्यायल्यागत तोंड करून फिरू नको म्हणून आईकडून वर ऐकून घेतलं.

२२ ऑक्टो.
आज भाकऱ्या थापताना सहज बोलून गेले, "आई, तिचं खरं नाव त्याच्याखाली आहे गं. सगळे भलत्याच नावानं हाका मारतात, म्हणून ती ओ देत नाही."
आईचा हात थांबला. माझ्याकडे बघत राहिली. भाकरी करपली.


२३ ऑक्टो.
सकाळी आई अंघोळ करून, नारळ घेऊन गोठ्यात. मला फक्त दिवा धरू दिला. कोमट तेल सोडत, बोटानं कडा मोकळ्या करत, तान्ह्या पोराची खपली काढावी तसं. सबंध कवच एकसंध हातात आलं. आतल्या बाजूला अक्षरं उलटी उमटलेली.

पत्रा लखलखीत. इंग्रजी अक्षरं आर सी टी, मग १, मग आरसी बुकातला आकडा.

कवच घोड नदीत सोडलं. पुलावरून परत येताना आई म्हणाली, "तुजं स्मिता नाव मला कदी आवडलं न्हाई." सासरी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं होतं ते नाव. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बोलली. पदर तोंडाला लावून मी चालत राहिले.

२५ ऑक्टो.
आर सी टी १. डोकं खाजवतेय. बबनभाऊ म्हणतो साहेबाच्या नावाची अक्षरं असतील. भाऊ म्हणतो सी म्हणजे कार. हा दहावीला इंग्रजीत कसा पास झाला देव जाणे.

२९ ऑक्टो.
पुणे. पहाटेची एसटी. नाना पेठेतलं शेठचं दुकान म्हणजे बोळच, छतापर्यंत खोकी. शेठ म्हातारे, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. मी बोनेटवरचं नाव सांगायला लागले तर हात वर केला.
"वो नाम गिऱ्हाइकासाठी असतं, बेटा. कारखान्यात या गाडीला त्या नावानं कुणी हाकच मारली नाही. अक्षरं सांग."
सांगितली. मग एकेक उलगडून दिलं. आर म्हणजे कंपनीची कुठली शाखा. सी म्हणजे इंजिनाचं घराणं. टी म्हणजे दोन सीटची बांधणी. एक म्हणजे पहिली खेप. मार्क टू, म्हणजे दुसरी खेप, असती तर आर डी टी २ असतं, डी म्हणजे दुसरं इंजिन, त्याची प्लेट वेगळी, शाफ्टचे दाते वेगळे. "दिसायला जुळ्या बहिणी. पोटात वेगळ्या."

म्हणजे हे नक्षत्रनाव! पत्रिकेत असतं, लग्नामुंजीत भटजी उच्चारतात, एरवी कुणाला ठाऊक नसतं. माझं रेवा. कुणी कधी हाक मारली नाही, पण ग्रह बघायचे तर त्यावरूनच. बोनेटवरचं नाव सासरचं.

आनंदाची गोष्ट, सी घराण्याचं इंजिन एका साध्या चार सीटच्या गाडीतही होतं. ती आपल्याकडे पुष्कळ धावली. प्लेट मिळेल, पण शोधायला लागेल. दिवाळीनंतर ये म्हणाले.

एसटीत जागा नव्हती. उभ्यानं आले, पाय दुखले नाहीत.

३० ऑक्टो.
एक काटा राहिला होता. पोटात पहिली खेप, मग कपाळावर मार्क टू कसं? तात्यांना विचारलं. आधी खोकले. मग पान लावलं.
"म्हशीला धडकली व्हती. बोनेट चेपलं. मंबईला एका गाडीचं मोकळं मिळालं, ते बशिवलं."
"आणि हे बबनभाऊला सांगितलं नाही?"
"त्यानं इचारलंच न्हाई. आन मार्क टू दिसत व्हतं ब्येस. गाडीला बढती मिळाल्यावानी."
आई पोट धरून हसली. मीसुद्धा, पण आधी भांडले. तात्या फार ओशाळले. त्या शिनोलीच्या नवरदेवाचं तोंड त्यांना अजून दिसतं म्हणाले. आपल्या हौसेपायी झालं हे आज त्यांच्या ध्यानात आलं. मला वाईट वाटलं. पान पुन्हा लावून दिलं.

१२ नोव्हें.
शेठनी प्लेट काढून ठेवली होती. गंजाचा डाग नाही. मांडीवर घेऊन आले, एसटीत शेजारच्या बाईला वाटलं देवाचं ताट आहे.

१५ नोव्हें.
बसली. कानस नाही, हातोडा नाही, लोण्यात सुरी जावी तशी शाफ्टवर सरकली. बबनभाऊ मांडी घालून गाडीशेजारीच बसून राहिला. "पत्रा बघितला असता तर नवरदेव चालला नसता, राव." मग मला, "ताई, आता ही गाडी तुमीच चालवा. माजी हिंमत न्हाई."

१७ नोव्हें.
चालवली! पुलापर्यंत, मग मंचर, मग राहवेना, तशीच नारायणगावावरून लेण्याद्रीच्या पायथ्याला. तात्या शेजारी, फेटा बांधून. हात थरथरतात हल्ली, स्टिअरिंग त्यांनी मागितलंच नाही. चढाला गिअर बदलताना फक्त म्हणाले, "आईक, आता नीट बोलतीय." पायऱ्या त्यांना झेपणार नाहीत, म्हणून खालूनच गणपतीला हात जोडले. मला रडू आलं, वाऱ्यामुळे म्हटलं.

२१ नोव्हें.
काल तुळशीचं लग्न लागलं. भंगाराचं नाव कुणी काढलं नाही.

आज शिनोलीची माणसं आली. तेच घर. थोरला पायी गेला होता, आता धाकट्याचं लग्न आहे. मंचरमध्ये गाडी दिसली म्हणे. म्हातारे पावणे चेष्टेत म्हणाले, "तात्या, थोरल्याला पायी चालवलंत. धाकट्याला तरी बसवून न्या."
तात्या उठून उभे राहिले. त्यांच्यापुढं हात जोडले. चूक माझी व्हती म्हणाले, बोनेटाची सगळी कथा सांगितली. पावणे अवघडले.
"बरं, झालं गेलं. चालवणार तुमीच ना?"
"न्हाई. शकू चालवंल."
सगळ्यांच्या माना माझ्याकडे. मी चहाचा ट्रे धरून उभी.
"बाईमाणूस? वरातीच्या म्होरं?"
"गाडी तिची हाय," तात्या म्हणाले. "तिचं नाव तिनं वाचलं."
तिची हाय. सगळ्यांसमोर म्हणाले. भाऊसुद्धा होता.
घरात विचारून पुढच्या रविवारी कळवतो म्हणाले पावणे. नवरदेवाची आजी जाताना माझ्यापाशी थांबली. "नाव काय म्हनलं तुजं?"
"शकुंतला."
"ड्रायव्हिंग कुनी शिकीवलं?"
"ट्रॅक्टरनं."
हसली. दात नाहीत एकही. पायरी उतरताना माझाच हात धरला.

२६ नोव्हें.
निरोप नाही. उद्याचा दिवस मधे, मग रविवार.
गाडी धुतली. सीटला नवं कापड घातलं. तात्यांनी स्वतःचा फेटा काढून दिला. म्हणाले, बांधायचा का न्हाई तुजं तू बघ.
संध्याकाळी बोनेट उघडलं तर आत शेंदराचं एक ओलं बोट. आईनं लावलंय. पत्र्याच्या खाली, मोकळ्या लोखंडावर, अक्षरं नीट वाचता येतील असं.