झांबेझीकाठचा तंबू

प्रिय शुभा,

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून पत्र लिहितेय. पत्र मध्येच कापता येत नाही. जयंतराव गेल्यापासून तू कोपऱ्यावरच्या वाण्याकडेसुद्धा जात नाहीस, असं श्रीनाथ सांगत होता. पोरगा काळजीत आहे गं.

इकडे जर्मनीत, नेकारसुल्मला, आमच्या घरात आफ्रिका शिरलीय. झांबेझी नदी, होडीतून सफारी, काठावर तंबू! आमचा लेक कपिल जर्मनांपेक्षा जर्मन झालाय, टेर्मीन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, घेतल्याशिवाय शिंकतसुद्धा नाही. छोट्या विमानात पंधरा किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत, म्हणून पठ्ठ्याने माझी भाजणी काट्यावर ठेवली. लाडू मऊ सामानात धरतात का विचारलं, तर चिडला. कॅम्पवाल्यांना त्याने माझी संकष्टी कळवली, तर बिचाऱ्यांनी विचारलं, हा त्रास दर महिन्याला होतो का, औषध काय देता?

शिवाय मी पोहायला शिकतेय, नात अन्वीच्याच वर्गात. पंचवीस मीटर पोहलं की समुद्रघोड्याचा बिल्ला मिळतो, तो पोहायच्या कपड्यावर शिवायचा. अन्वीने शिवून घेतला. मी अजून बुडबुडेच काढतेय, आणि ती काठावरून मला जर्मनमध्ये ओरडते. मगरींच्या नदीत पोहता येऊन करायचंय काय म्हणा!

आता मुद्द्याचं. तंबू दोघांचा असतो, आणि माझ्या तंबूतली दुसरी खाट मी तुझ्या नावाने सांगून ठेवलीय. नाही म्हणायच्या आधी जयंतरावांचा दहावा आठव. पिंडाला कावळा शिवेना. श्रीनाथने बाग सांभाळायचं कबूल केलं, सुनेने तुला सांभाळायचं, कावळे ढिम्म. शेवटी तू रडत, वैतागून म्हणालीस, तुमची ती आफ्रिका मी बघून येईन, आणि अख्खा थवा खाली उतरला! माणसाला दिलेला शब्द मोडता येतो गं, कावळ्याला दिलेला कसा मोडशील? दोन वर्षं गुडघ्याचं आणि मांजराचं निमित्त सांगतेस. ही सगळी सफारी मी तुझ्यासाठीच कपिलच्या गळी उतरवलीय. तारखा नेमक्या पितृपक्षात आल्यात, कारण कोरड्या दिवसांतच जनावरं नदीवर येतात. लोक नावं ठेवतील, ठेवू देत. जयंतरावांची तिथी नदीकाठीच करू, तिथे पाखरांना तोटा नाही. तुझ्याशिवाय मला करमत नाही, शुभे. येताना त्यांची दुर्बीण आण. वजन जास्त होत असेल तर मी लाडू कमी करते.

तुझीच हट्टी,
ऊर्मिला