केळ्याचा केक आणि कप्तान टिल्डा

प्रिय मेव्हणे डेल्बर्ट यांस,

साष्टांग नाही, कारण वाकलं की पोट अजून ढवळतं. तेव्हा उभ्यानेच नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? तुमचे अकरा कुत्रे ठीक ना? (माझा हातमोजा खाणारा तर ठणठणीतच असणार.) आम्ही फेअरबँक्सला सुखरूप परतलो.

तर, टिल्डाची बोट पाहून आलो! तुमच्या भाचीने बजावलं होतं की कप्तान म्हणून हा तिचा पहिला मोसम, घरचं एकही माणूस बोटीवर दिसता कामा नये. पण चाळीस वर्षं मी बर्फ काढायची गाडी चालवली आहे, कुणाच्या हातात चाक शोभतं ते मला कळतं. खरं सांगतो, मी तिची फजिती बघायलाच निघालो होतो. बोट धक्क्याला एकदा जरी घासली असती, तरी मी पोरीला ट्रकमध्ये घालून घरी आणलं असतं. म्हणून तीस वर्षांची दाढी उतरवली, ओल्सन या नावाने तिकिटं काढली आणि दोन दिवस ट्रक हाकत आम्ही सीवर्ड बंदर गाठलं. (दोन दिवस का लागले, ते वाटेत ॲपल-पाय विकणाऱ्या बायांना विचारा. तुमच्या बहिणीने, नोरीनने, एकही दुकान सोडलं नाही. शिवाय घोड्याएवढा एक मूस शिंगं रोखून अर्धा तास रस्त्यात उभा राहून आमच्याकडे बघत होता.)

देवमासे बघायला आलेल्या लोकांना घेऊन बोट निघाली. दोन तास झाले तरी एकही देवमासा नाही! लोक कॉफी पीत कुरकुरायला लागले. तेवढ्यात कर्ण्यातून टिल्डाचा आवाज आला, "मंडळी, कुणाच्या पिशवीत केळं असेल तर आत्ताच सांगा. बोटीवर केळं म्हणजे अपशकुन. हसू नका, माझे खलाशी माझ्याकडेच डोळे वटारून बघतायत." सगळे हसले. मी हसलो नाही, कारण नोरीनची पिशवी माझ्या मांडीवर होती आणि तिच्यात केळ्याचा अख्खा केक होता.

आता बघा, मला हवी होती ती फजिती आयती मांडीवर येऊन बसलेली. गप्प राहायचं, एवढंच काम. आणि मी काय केलं? पिशवी उचलली आणि संडासात पळालो. समुद्रात टाकावा तर कठड्याला माणसंच माणसं, म्हणून कडी लावली आणि सहा जणांचा केक उभ्याउभ्या एकट्याने संपवला. खाली बोट वर-खाली, आत केक वर-खाली.

बाहेर आलो तो हिरवा होऊन. कठडा धरतोय तोच देवमासा अख्खा पाण्याबाहेर उडाला! मागोमाग दुसरा! मी ओरडलो, नाचलो, एका अनोळखी बाईला मिठी मारली. (नोरीनने पाहिलं.) पुढे हिमनदीसमोर टिल्डाने इंजिन बंद केलं. कड्कन आवाज झाला, घराएवढा बर्फ कोसळला आणि लाट निघाली. पोरीने आधीच बोटीचं तोंड लाटेकडे वळवून ठेवलं होतं. माझ्या शेजारच्या म्हातारीच्या कपातला कॉफीचा थेंबही सांडला नाही. डेल्बर्ट, मी तिथे रडलो.

परतताना पुन्हा कर्णा वाजला. "फेअरबँक्सचे श्रीयुत ओल्सन, दाढीच बरी होती. आणि बाबा, आईचा केक एकट्याने संपवलात? मला एक तुकडा तरी ठेवायचा होता!" (नोरीन कधीच वर तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली होती.) सगळ्या बोटीने टाळ्या वाजवल्या.

तुमचा,
एव्हर्ट

ता. क. पत्राचं खरं कारण हे. मे महिन्यात टिल्डाचा म्हणून जो कारकुनीचा अर्ज तुमच्या रस्तेखात्यात आला, तो तिने बोट सोडून घरी यावं म्हणून मीच भरला होता. सहीसुद्धा माझीच. कृपा करून फाडून टाका. तिला यातलं अक्षरही कळता कामा नये.

ता. क. दोन. दादा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून मी नोरीन लिहितेय. तू जूनमध्येच फोन करून टिल्डाला अर्जाचं सगळं सांगितलंस, हे यांना अजून ठाऊक नाही. अर्ज मात्र फाडू नकोस. तिला तो काचेत घालून बोटीच्या चाकासमोर लावायचाय.