नाव घातलेली सुरी

वरणगाव,
१८ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप लीलाधरमामा यांस,
भाचा हितेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तरी तुम्ही हो हो म्हणत राहता, म्हणून हे पत्र. मागच्या महिन्यात मला ताप आल्याचं सांगितलं, तर तुम्ही अभिनंदन केलंत.

बातमी वाईट आहे. पुण्याच्या हॉटेलवाल्याने सुरीची ऑर्डर रद्द केली. सुरी तयार होती, त्याला आवडलीही होती. पोलाद ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं, मूठ अंजनाच्या लाकडाची, पण घडण सगळी जपानी पद्धतीची, पातळ आणि हलकी. मग तो म्हणाला, पात्यावर चार जपानी अक्षरं कोरून द्या, म्हणजे सुरी जपानहून मागवली असं लोकांना सांगता येईल. मी म्हटलं, घडवली वरणगावात, तर नाव जपानचं कसं घालू. त्यावर त्याने विचारलं, वरणगावच्या सुरीचं मी काय करू. बोलणं तिथेच संपलं.

आपलं ठरलेलं मी विसरलेलो नाही. ही सुरी दसऱ्यापर्यंत विकली गेली नाही तर माझ्या भट्टीला कुलूप, आणि मी धुळ्याला तुमच्या भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर. पण मामा, खरं सांगतो, मला ते नको आहे. घणाचा आवाज नसला की मला दिवस खायला उठतो.

तरी सुरी तुमच्याकडेच पाठवतो आहे, कारण माणसांचा राबता तुमच्याकडे आहे. जी विकली न जाण्यात ज्याचा फायदा, त्याच्याकडेच ती विकायला देतो आहे, यावरून माझा धंदा का चालत नाही ते कळेल. धारेची वस्तू हातोहात दिली की भांडण होतं म्हणतात, म्हणून पार्सलने.

मामींना नमस्कार. रागवायचं असेल तर रागवा, पण लोभ कमी करू नका.

तुमचा,
हितेंद्र


धुळे,
३० ऑगस्ट २०२५

चि. हितेंद्र यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. उघडतानाच माझं बोट कापलं, तेव्हा मालाबद्दल तक्रार नाही.

तू बाणेदार आहेस की नुसता हट्टी, हे तुझ्या आईला कधी ठरवता आलं नाही. ताई गेली आणि ते काम माझ्या गळ्यात घालून गेली. अरे, चार रेघा तर ओढायच्या होत्या. पुण्यात कोण जपानी वाचत बसलंय?

सुरी काचेच्या कपाटात कुकरांच्या शेजारी ठेवली आहे. पारोळ्याचे एक शेतकरी आले. हाई सुरी शे का आरसा शे, म्हणत त्यांनी तिच्यात मिशा न्याहाळल्या आणि पातेलं घेऊन गेले. एका बाईंनी विचारलं, तारेच्या घासणीने घासली तर चालेल ना. तुझ्या चिठ्ठीप्रमाणे मी सांगितलं की नाही, दर वेळी चिरून झालं की पुसून कोरडी करायची, नाहीतर गंजते. त्या म्हणाल्या, एवढं तर मी नवऱ्याचंही करत नाही. आणि एक सांग, खान्देशात सुरी विकायची कल्पना तुला सुचली कशी? आपलं वांगं भाजायचं आणि लाकडी बडगीने ठेचायचं. त्यात तुझा जपान कुठे बसतो?

तुझी कुंदामामी मात्र रोज संध्याकाळी सुरी तपासायला म्हणून घरी मागवते. काल तिने गिलकी तपासली, आज कांद्याची पात. विळी माळ्यावर गेली आहे.

तू गल्ल्यावर यावास असं मला वाटतं, ते मी लपवत नाही. आम्हाला मूलबाळ नाही. माझे कान गेले, आता हातही थरथरतो, आणि भांड्यांवर नावं घालायच्या मशीनवर माझ्याशिवाय कोणी बसत नाही. पण विकायला दिलेला माल अडवून ठेवणारा मी दुकानदार नाही, एवढी खात्री बाळग.

तब्येत सांभाळ. पत्र पाठवत जा, आम्ही वाट बघतो.

तुझा,
लीलाधरमामा


वरणगाव,
११ सप्टेंबर २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आता पितृपक्ष लागला. तुमच्या दुकानात चमचासुद्धा कोणी घेणार नाही, मग सुरीचं काय. इकडे भट्टी बंद होणार असं ऐकून गावातले वनाभाऊ ऐरण विकत घ्यायची म्हणून दोनदा बघून गेले. मी तिला तेल लावत होतो, त्यांना वाटलं गिऱ्हाइकासाठी सजवतोय.

लहानपणी सुट्टीत धुळ्याला आलो की मी तुमच्याशेजारी स्टुलावर बसून तुम्ही नावं घालताना बघत असे. नाव घातलेला माल परत घेतला जाणार नाही, ही तुमच्या डोक्यावरची पाटी वाचत मी वाचायला शिकलो. पोलादावर हात चालवायची ओढ मला तिथेच लागली. तेव्हा माझ्या या वेडाला तुम्हीही थोडे जबाबदार आहात.

एकच विनंती. सुरी विकली गेली तर ती आहे तशी जाऊ दे. खोटी अक्षरं नकोत. त्यापायी ती विकली न जाता मला गल्ल्यावर बसावं लागलं तरी चालेल. भीती वाटते, पण चालेल.

मामींना सांगा, लिंबू चिरलं की लगेच पुसा. माया आहेच, ती राहू द्या.

तुमचा,
हितेंद्र


धुळे,
२५ सप्टेंबर २०२५

चि. हितेंद्र यास,
आशीर्वाद.

गिऱ्हाईक मिळालं होतं. नाशिकचे एक हॉटेलवाले सासुरवाडीला आले होते. सुरी हातात घेतल्यावर त्यांना खाली ठेववेना. पण त्यांनाही तेच हवं होतं, पात्यावर जपानी अक्षरं. मी कबूल केलं आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. तुझी विनंती वाचली होती, पण मला जसं ऐकू येत नाही तसं कधी कधी वाचताही येत नाही.

अक्षरं आमच्या जुन्या जपानी रेडिओच्या खोक्यावर सापडली. त्यांचा अर्थ ओल्या जागी ठेवू नये असाही असेल. असला तर तुझ्या सुरीला तो चोख लागू पडतो. ते गृहस्थ आले, मी मशीनवर बसलो. पण इतक्या वर्षांची सवय. मनात जे नाव असतं तेच हाताने उतरतं. घालून झाल्यावर बघतो तर पात्यावर नीट देवनागरीत हितेंद्र, वरणगाव.

ते गृहस्थ भडकले. त्यांनी सुरी ठेवली आणि निघून गेले. नाव घातलेला माल परत घेतला जात नाही, आणि नाव मीच घातलेलं, तेव्हा सुरी मलाच ठेवून घ्यावी लागली. त्यांनी कबूल केलेली किंमत मी तुला मनीऑर्डरने पाठवली आहे. दसरा अजून यायचा आहे. म्हणजे ठरल्याप्रमाणे सुरी विकली गेली, भट्टी तुझी आणि गल्ला माझ्याच नशिबी. म्हाताऱ्याचा हात चुकला, दुसरं काय.

सणाला घरी ये. आमची आठवण ठेव.

तुझा,
लीलाधरमामा

ता. क. – हितेंद्र बाळा, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून दोन ओळी माझ्या. हात चुकला वगैरे काही नाही. गिऱ्हाईक परत यायच्या आदल्या दुपारी तुझे मामा दुकान बंद करून एका जुन्या ताटलीवर तुझंच नाव घालत बसले होते. हात थरथरतो ना. ताटली अर्धीअधिक भरली तेव्हा कुठे मनासारखं अक्षर आलं. कशासाठी चाललंय असं विचारलं, तर ऐकू आलं नाही म्हणाले. तू इथे यावास म्हणून वरच्या खोलीला त्यांनी श्रावणातच रंग दिला होता. आता तिथे कांदे ठेवू. सुरी माझ्याकडे आहे, लिंबानंतर पुसते. – तुझी कुंदामामी


वरणगाव,
२९ सप्टेंबर २०२५

ती. मामांस व मामींस,
शि. सा. न. वि. वि.

मामा, तुमच्या हातून झालेल्या चुकीबद्दल मी तुम्हाला माफ केलं आहे. पत्र वाचून ऐरणीवर बसून रडलो, हेही सांगून टाकतो. वनाभाऊ नेमके तेव्हाच आले आणि ऐरणीचा विषय न काढता परत गेले.

दसऱ्याला येतो. सुरीला धार लावून देईन, आणि नावं घालायच्या मशीनवर माझा हात बसवून घेईन. दर महिन्याला येऊन साठलेली नावं घालून जात जाईन. तेव्हा वरच्या खोलीत कांदे ठेवू नका.

एक मागणं आहे. ती ताटली भंगारात देऊ नका. माझ्या भट्टीला अजून पाटी नाही, तीच दारावर ठोकणार आहे. लोकांनी विचारलं की एकच नाव इतक्यांदा का, तर सांगेन, आमच्या मामांचा हात फार चुकतो.

तुमचाच,
हितेंद्र