निळ्या शर्टाची पिशवी

अण्णा,

तुमचा कंपनीचा निळा शर्ट परवा टाकून द्यावा लागला. चिंचवडच्या याच घरात, तुम्ही उभं राहून करून घेतलेल्या त्याच कपाटात, वरच्या कप्प्यात तो बारा वर्षं होता. गेल्या रविवारी पिशवी उघडली, तर कॉलरपासून खिशापर्यंत हिरवी-काळी बुरशी चढलेली. कापड उचललं तर घडीवर फाटत गेलं. तुमचा वास राहावा म्हणून जपलेला शर्ट, आणि त्याला नुसता कुबट वास येत होता.

चाकणच्या कंपनीत तुम्ही स्टोअरला होतात. सुट्या भागांच्या खोक्यांतून ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या निघायच्या. बाकीचे फेकून द्यायचे, तुम्ही डब्यात भरून घरी आणायचात आणि पावसाळाभर कपड्यांच्या घड्यांत ठेवायचात. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांचं पोट भरलं म्हणायचात. मग सुट्टीच्या दिवशी गॅलरीत शेगडी पेटवून एका जुन्या तव्यावर ते तापवायचात. एक पावसाळा अजून डोळ्यांसमोर आहे: मी आठवीत आहे. शाळेतून येऊन ओला रेनकोट तसाच घडी करून कपाटात कोंबला आहे. तुम्ही शिफ्टवरून येता, कपाट उघडता, नाक आत घालता. "कामून कोंडलीस गं ओलं? आधी वाळू दे की. बंद केलं की सडतंयच ते." आवाज चढलेला नाही, तरी मला रडू येतं. सुट्टी नसूनही तुम्ही शेगडी पेटवता आणि मला तव्यापाशी बसवता. दाणे हळूहळू पुन्हा निळे होतात आणि मी रडायचं विसरते.

बारा वर्षांपूर्वी तुम्ही शिफ्टवरून आलात आणि तासाभरात कायमचे गेलात, तेव्हा तो शर्ट खुंटीला होता, पाठीवर घामाने ओला. आईने तो धुवायला घेतला. मी तिच्या हातातून हिसकावला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, तोंडाला चिकटपट्टी मारली. एक पुडीसुद्धा टाकली नाही. तुमची मुलगी असून एवढं सुचलं नाही. नंतर वास उडून जाईल या भीतीने पिशवी कधी उघडलीच नाही. आईने दोनदा मागितला, "एकदा बघू तरी दे गं." मी दिला नाही. त्याची मला आता फार लाज वाटते.

बुरशी पाहिल्यावर मी सगळा राग वरच्या मजल्यावरच्या काकूंवर काढला. त्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या भिंतीत मुरतंय, असं आईला ठासून सांगितलं. आईने त्यांच्याशी बोलणं टाकलं. आईला आता नीट दिसत नाही. मी वाकडच्या ऑफिसातून उशिरा येते, म्हणून याच काकू रोज संध्याकाळी तिला हात धरून बागेत नेत. आठवडा झाला, आई जिना उतरलेली नाही.

काल प्लंबर आला. बुरशी लागलेल्या शर्टाचं माझ्याकडून ऐकून घेतलं, कपाट रिकामं करून त्याने मागची भिंत चाचपली, वर काकूंकडे जाऊन बाथरूमही पाहून आला. "ताई, भिंत कोरडी ठणठणीत हाय. वरच्यांचा काय दोष न्हाई. तुमी ते कापड ओलंच ठिवलं आसंल."

तो गेल्यावर आईने आतून विचारलं, "काय म्हणला गं?"

"वरूनच गळतंय," मी म्हणाले.

"वाटलंच मला," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

आज रविवार, म्हणून मी घरी आहे. तिला सांगायचं ते सकाळपासून तुम्हाला लिहीत बसले आहे, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही. सहा वाजलेत. काकू जिना उतरताहेत. आमच्या दाराशी त्यांची पावलं थांबतात. आई उशीवरून मान उचलते. दाराला कडी आहे आणि उठायला मलाच हवं. पावलं खाली गेली, अण्णा. मी उठले नाही.