अकरा मिनिटांची फाइल

३ नोव्हेंबर
"माझं बोलणं पुसू नको गं अनू, तुला कवातरी लागंल." आई राहू गावच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून म्हणाली होती, फोनवर आवाज साठवायला शिकली त्या दिवशी. तिला लिहिता येत नव्हतं. आज न्हावऱ्याच्या शाळेत रुजू झाले आणि का कोण जाणे, तेच आठवलं. खोली छान आहे. खिडकीतून ऊस दिसतो, नळाला पाणी येतं. घरमालकीण सरूबाईंनी गरम भाकरी दिली. मास्तरीणबाई वाऱ्यानं उडतील, दोन घास जास्त खा, असं हसत सुनावलंही.

५ नोव्हेंबर
आईचा जुना आयफोन शिरूरला नवनाथच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात चालू करून आणला. वर्गासाठी त्यात गोष्टी, गाणी भरायची आहेत. त्यानंच तो पूर्वी जेलब्रेक केला होता. म्हणाला, कुलूप फोडलेल्या घरागत हाय मॅडम ह्यो, फाइल मॅनेजर उघडा आन् कुठल्याबी खोलीत जावा. पण पुसाल ते परत मिळायचं न्हाई.

६ नोव्हेंबर
मधल्या सुट्टीत फाइल मॅनेजर उघडला. फोल्डरच्या आत फोल्डर. आवाजांच्या फोल्डरात एकच फाइल, अकरा मिनिटांची. तारीख चैत्रातली, आई राहूला एकटी असताना गेली त्या दुपारची. तेव्हा तिचे तीन फोन आले होते. मी मीटिंगमध्ये होते, तिन्ही कापले. मीटिंग काही तितकी महत्त्वाची नव्हती. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.
फाइल न ऐकता पुसली.

७ नोव्हेंबर
फाइल परत तिथंच. चौदा मिनिटं. तारीख आजची. पुन्हा पुसली. नवनाथला विचारलं तर म्हणाला, मॅडम, चष्म्याचा नंबर बघून घ्या.

९ नोव्हेंबर, रविवार
बावीस मिनिटं. आज ऐकली. आधी तिचा श्वास. मग, अनू, फोन उचल की गं, पाणी दे. अकरा मिनिटं हेच. रागावलेली नाही. रागावली असती तर—
पुढं नळाचा आवाज. एसटीचा हॉर्न. सरूबाई भाकरीवरून हसतात. म्हणजे ही खोली. आणि या सगळ्यात तोच श्वास, माझ्या अगदी जवळ.

१० नोव्हेंबर
शाळेतून आले तर सरूबाई दारातच. आईसाहेब आल्यात व्हय? मग पाणी तरी पाजून जायचं की, कवाधरनं मागतीय म्हातारी, असं रागे भरल्या.
खोलीला कुलूप होतं. फोन आत, बंद.

११ नोव्हेंबर
पुसली. आली. पुसली.
फोनशेजारी भरलेला तांब्या ठेवून शाळेत गेले. आले तेव्हा तांब्या कोरडा—

१२ नोव्हेंबर
दुपारचे दोन. आज शाळेत गेले नाही. फाइल वाजतेय, लांबी वाढतेच आहे. त्यात पेनाची खरखर. मी थांबले की थांबते.
अनू, म्हणाली. फोनमधून नाही—
आई, तू नाहीच म्हणणार, ठाऊक आहे. तरी मागते. एवढं एकदा पुसू दे गं, मला हे नाही ऐकव—